मंगळवारी माझी पेशी

“मंगळवारी पेशी आहे माझी,” मी फोनवर म्हटलं, आणि ओट्यावर तूर निवडत बसलेल्या मोठेबाबांचा हात सुपातच थांबला.

फोनवर माझी होस्टेलची मैत्रीण स्नेहल होती. मी आवाज दाबून तिला सांगत होते, “बाकी सगळ्यांतून सुटले गं. एका पेशीतच अडकले. या वेळी नाही सुटले तर बाबा सरळ गावी नेतील, मग संपलंच. नाही, वैरागडे मॅडमची भीती नाही वाटत, त्या समजून घेतात. पण सोबत बाहेरचे एक सर आहेत, फार कडक म्हणे. त्यांच्यासमोर माझं तोंडच उघडणार नाही.”

फोन ठेवला तेव्हा मोठेबाबा पुन्हा तूर निवडायला लागले होते. फक्त खडे सुपात ठेवत होते आणि तूर अंगणात टाकत होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शेषराव उमाटे. दारव्ह्याच्या कोर्टात पुकारा करणारे शिपाई म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. साहेबांनी मान हलवली की दारात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, हे त्यांचं काम. त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा, असं मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची. घरातही ते कोणाला एकदा हाक मारत नसत. “प्रणोती! प्रणोती! प्रणोती!” म्हणजे चहा झाला आहे.

मी मात्र न बोलणाऱ्यांतली. त्या वर्षी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लेखी परीक्षेत मला चांगले गुण होते, पण पेशीजीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेला मी परीक्षकांसमोर बसले, नाव सांगितलं आणि पुढे एक अक्षर बोलले नाही. उत्तरं सगळी येत होती. ती घशापर्यंत यायची आणि तिथून परत जायची. विद्यापीठाने त्याच वर्षी पहिल्यांदा उन्हाळी सत्र सुरू केलं होतं. जीवशास्त्राचे काही विषय, शिकवणी आणि परीक्षा दोन्ही ऑनलाइन. त्यात हा विषय सुटला तर तिसरं वर्ष मिळणार होतं, नाहीतर वर्ष वाया. आणि बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्ष वाया गेलं की शिक्षण पुरे.

आमच्या गावात नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं, म्हणून मी उन्हाळ्यापुरती दारव्ह्याला मोठेबाबांकडे आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या घरी लहानपणापासून येऊन-जाऊन होतो. वावर दोघा भावांचं एकत्र, नाव मोठेबाबांचं, कसायला बाबा. आमच्या घरात सगळं असंच होतं, कोणाचं काय आहे हे कोणी विचारत नसे.

आता त्या शब्दाचं सांगते. वैरागडे मॅडमनी उन्हाळी सत्राच्या पहिल्याच तासाला जाहीर केलं होतं, “मी मराठीतून शिकवणार. ‘सेल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एक तर बॅटरीतला सेल येतो, नाहीतर साड्यांचा. पेशी म्हणा.” आम्हीही मग विषयाचं नावच पेशी करून टाकलं. सोमवारी आनुवंशिकी, मंगळवारी पेशी. आमच्या भागात कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते दोन शब्द माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते, त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

त्या दिवशी जेवताना मोठेबाबांनी ताटाकडे बघत विचारलं, “पेशी कोणापुढे आहे?”

“वैरागडे मॅडमपुढे.”

“बाई आहे. बरं आहे.” त्यांनी एक घास घेतला. “मोबाइलवरच?”

“हो. यंदा सगळं ऑनलाइन आहे.”

“आता पेश्या बी मोबाइलवर होऊन राहिल्या,” ते मोठीआईला म्हणाले. “माणूस समोर नाही, काही नाही. पुकारा कोण करत असन?” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “कोणतं कलम आहे?”

मला वाटलं, ते झाडांच्या कलमांबद्दल विचारत आहेत. आम्हाला वनस्पतिशास्त्रात कलमांचा एक धडा होता, आणि परसातल्या संत्र्याला कलम करायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं.

“कलमांचं वेगळं असतं, मोठेबाबा. ते मागेच झालं. त्यातून सुटले मी.”

“म्हणजे ते बी होतं?”

“होतं ना. चार-पाच प्रकारची कलमं होती. अवघड काही नव्हती.”

मोठीआईने माझ्या ताटात न विचारता आमरसाची आणखी एक वाटी ओतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, घरात कोणीतरी अभ्यासाचं विचारतंय, किती छान.

त्यानंतर मी रोज सकाळी माजघरात फेऱ्या मारत मोठ्याने बोलायचा सराव करायला लागले. मॅडमनी सांगितलं होतं, पुस्तकी वाक्यं पाठ करू नका, घरच्या शब्दांत बोला. मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, “आईचं जे काही आहे, त्यातलं दोन्ही लेकींना सारखं मिळालं पाहिजे. एकीलाही कमी नाही, एकीलाही जास्त नाही. समान विभाजन.”

एकदा असं म्हणून वळले, तर मोठेबाबा चहाचा कप घेऊन दारात उभे.

“विभाजन?” ते म्हणाले.

“हो. त्याच्यावरच तर अडकले ना मागच्या वेळी. या वेळी पण तेच विचारतील.”

“विभाजन करायचंच म्हणते?”

मला तो प्रश्न गमतीचा वाटला. “करावंच लागतं, मोठेबाबा. त्याच्याशिवाय वाढ कशी होणार?”

त्यांनी हातातल्या चहाकडे पाहिलं. मग कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बरोबर आहे. तुहं बी बरोबरच आहे.” आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हापासून त्यांना एक नवी सवय लागली. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की ते उठून उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे. पोस्टमन “काही नाही काका,” म्हणून पुढे गेला की पुन्हा बसायचे. मला वाटायचं, पेन्शनचं काहीतरी असेल.

सोमवारी दुपारी त्यांनी विचारलं, “उद्या तुह्या बाजूनं कोण आहे?”

“माझ्या बाजूने कोण असणार? एकटीच असते. खोलीत दुसरं कोणी चालत नाही, नियमच आहे.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

“असा कुठं नियम असते का,” मोठेबाबा म्हणाले, आणि भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडले.

मंगळवारी सकाळी समोरच्या खोलीत मी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद केला, नुसता पंखा ठेवला. मे महिना होता, मिनिटभरात मी घामाने न्हाले. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात वैरागडे मॅडम, दुसऱ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेले डॉ. तांबोळी, बाहेरचे परीक्षक. त्यांनी मला मोबाइल फिरवून सगळी खोली दाखवायला सांगितली. पलंगाखाली बघितलं. कपाटामागे बघितलं. दाराला कडी आहे का विचारलं. कडी होती, पण गेल्या दिवाळीपासून लागत नव्हती. मी मान हलवली, त्यांनी तिचा हवा तो अर्थ घेतला.

“पेशीविभाजन,” ते म्हणाले. “सांगा.”

बस्स. एवढाच सोपा प्रश्न. मला आतून सगळं दिसत होतं, क्रमाने, आकृतीसकट.

“उमाटे?”

मी पडद्याकडे बघत राहिले.

“आवाज येत नाहीये का तिकडून?” तांबोळी सर म्हणाले.

“येतोय सर. पंखा ऐकू येतोय,” मॅडम म्हणाल्या. मग त्या मायक्रोफोनजवळ वाकल्या आणि जरा मोठ्याने हाक मारली, “प्रणोती उमाटे?”

मी ओठ हलवले.

“प्रणोती उमाटे?”

काही नाही. तांबोळी सरांनी पेन उचललं.

“प्रणोती उमाटे?”

दार धाडकन उघडलं.

“हजर आहे साहेब!” असा आवाज घुमला की डाळीचा डबा हलला आणि मोबाइल आडवा झाला. “हजर आहे! पक्षकार हजर आहे!”

मी मोबाइल सरळ केला, तेव्हा माझ्यामागे पडद्यात मोठेबाबा दिसत होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, छातीवर हात बांधलेले. आणि त्यांच्या शेजारी काळा कोट आणि गळ्यात वकिली पांढरे बंद घातलेला एक वयस्कर माणूस, कपाळावरून घाम ओघळत असलेला. मोठेबाबांचे कोर्टातले जुने झोटिंगवकील. मी त्यांना लहानपणी एकदा-दोनदा पाहिलं होतं.

“हे कोण?” तांबोळी सरांनी विचारलं.

झोटिंगवकील पुढे आले, मोबाइलसमोर किंचित वाकले. “मी प्रणोती वामनराव उमाटे यांच्या वतीनं हजर होतो आहे. वकीलपत्र आत्ताच दाखल करतो.” आणि खरंच एक कागद माझ्यापुढे सरकवून बोटाने दाखवलं, “सही कर बेटा, इथं.”

“काय चाललंय? ही परीक्षा आहे!”

“कशाची?”

“पेशीची!”

“तेच म्हणतो मी,” झोटिंगवकील शांतपणे म्हणाले. “पेशीलाच आलो आहे.”

माझ्या डोक्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत त्या क्षणी पडली. फोन, कलम, कोण कोणाच्या बाजूने, सगळं एकदम कळलं. मला हसू यायला हवं होतं, पण मी घाबरले होते. वैरागडे मॅडमचा चौकोन मात्र थरथरत होता. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

तांबोळी सर हसत नव्हते. “खोलीत अनोळखी माणसं आली. परीक्षा रद्द. नियम स्पष्ट आहे.”

“परीक्षा” हा शब्द मोठेबाबांपर्यंत आत्ता पोचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “पोरी, हे कोर्ट नाही?”

“नाही, मोठेबाबा.”

“कॉलेज आहे?”

“हो.”

त्यांचा चेहरा इतका पडला की मला स्वतःचं विसरायला झालं. ते दाराकडे वळायला लागले, पण झोटिंगवकिलांनी त्यांचा हात धरला. समोर खटला कोणता आहे हे त्यांनाही नीट कळलं नव्हतं, पण अशील अडचणीत आहे एवढं कळलं होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “नियम वाचून दाखवावा, ही विनंती.”

“मी कशाला वाचू?”

“मी वाचते सर,” मॅडम म्हणाल्या, आणि आवाज सावरत वाचलं, “परीक्षार्थीला उत्तर सांगू शकेल अशी कोणतीही व्यक्ती खोलीत नसावी.”

“उत्तर सांगू शकेल अशी,” झोटिंगवकिलांनी एकेक शब्द सुटा करत म्हटलं. “आता साहेबांनी आम्हा दोघांना विचारावं. पेशी म्हणजे काय?”

तांबोळी सरांनी चष्मा काढला. “सांगा. पेशी म्हणजे काय?”

“तारीख,” मोठेबाबा म्हणाले.

“सुनावणीची तारीख,” झोटिंगवकिलांनी दुरुस्ती केली.

क्षणभर पडदा अडकला की काय असं वाटलं. मग तांबोळी सर हसले. कडक माणसं हसतात तसं, आधी नाकातून आणि मग खांदे हलवत. “नियमभंग नाही,” ते म्हणाले. “उमाटे, तुमच्या वकिलांना आणि या काकांना कळेल असं सांगा, पेशी म्हणजे काय आणि तिचं विभाजन कसं होतं. मी ऐकतो.”

मी मोबाइलकडे पाठ केली, हे मला अजून आठवतं. मोठेबाबा दुपट्ट्याने कपाळ पुसत होते. मी त्यांचा हात धरला आणि मनगटावरच्या कातडीवर बोट ठेवलं.

“मोठेबाबा, हे सगळं छोट्या-छोट्या खोल्यांचं बनलंय. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या छोट्या. एका खोलीला पेशी म्हणतात. प्रत्येकीच्या आत आपली सगळी कागदपत्रं असतात, गुणसूत्रं म्हणतात त्यांना. जखम झाली, की भरते ना? तेव्हा शेजारची पेशी दोन होते. आई म्हणायचं तिला. तिच्या दोन लेकी होतात.”

“आणि आईचं?”

“आई आधी प्रत्येक कागदाची नक्कल करते. मग मूळ आणि नक्कल अशा जोड्या मधोमध रांगेत लावते. दोन्ही टोकांकडून दोऱ्या येतात, जोडीतला एकेक कागद एकेका बाजूला ओढतात. दोन्ही लेकींना पूर्ण संच मिळतो. समान.”

“हे ते विभाजन,” ते हळूच म्हणाले.

“हो. हेच ते.”

“भांडण नाही?”

“कशाला असेल? कोणाचं काहीच कमी होत नाही.”

“आणि आई कुठं जाते मग?”

पुस्तकात हा प्रश्न नव्हता. “जात नाही,” मी म्हटलं. “दोन्ही लेकींमध्येच असते.”

मोठेबाबांनी दुपट्टा परत तोंडावरून फिरवला.

मागून तांबोळी सरांचा आवाज आला, “आणि एखादं गुणसूत्र दोरीला लागलंच नाही, तर?”

मी वळलेही नाही. “तर पेशी थांबते, सर. सगळी लागल्याशिवाय ओढाओढ सुरू होत नाही. तिथे तपासणी असते. एक जरी राहिलं...”

“एक पक्षकार गैरहजर,” मोठेबाबा एकदम बोलले, “की पुढची तारीख!”

“अगदी तेच!” मी म्हटलं, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की मीच दचकले. “सगळे हजर होईपर्यंत पेशी पुढची तारीख घेते!”

“थांबा, थांबा,” तांबोळी सर म्हणाले. “काका, आता तुम्हाला उत्तरं यायला लागली. आता मात्र तुम्ही बाहेर.”

मोठेबाबांनी मान तुकवली, साहेबांसमोरून निघायची ती जुनी पद्धत, पाठ न दाखवता, आणि दाराबाहेर गेले. झोटिंगवकील त्यांच्यामागे. उरलेली परीक्षा मी एकटीने दिली. काय-काय विचारलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी सरांनीच मला, “पुरे, उमाटे, पुरे, सुटलात तुम्ही,” म्हणून थांबवलं.

झोटिंगवकिलांनी आमरसाच्या तीन वाट्या संपवल्या आणि कोट काढून पंख्याखाली बसले. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा,” ते मोठीआईला सांगत होते, “त्याच दिवशी निकाल.”

ही गोष्ट आमच्या घरात पुढे कितीतरी वेळा सांगितली गेली. माझ्या एमएस्सीच्या पेढ्यांबरोबर, बहिणीच्या लग्नात, नोकरी लागली तेव्हा. मी सांगायचे, सगळे हसायचे, आणि मोठेबाबांना नेमकं काय वाटलं होतं यावर पैजा लागायच्या. बाबांचं म्हणणं, मारामारीची केस. बहिणीचं म्हणणं, परवान्याशिवाय गाडी. मोठेबाबा कधीच सांगायचे नाहीत. “होतं काहीतरी,” एवढंच म्हणायचे आणि हसायचे.

आता त्याच उन्हाळी सत्रात पेशीजीवशास्त्र मी शिकवते. गेल्या मे महिन्यात लॅपटॉप घेऊन दारव्ह्यालाच गेले होते. मोठेबाबांना आता कमी ऐकू येतं. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि आत मी मोठीआईला कुरडयांचा चीक हलवायला मदत करत होते. बोलता-बोलता झोटिंगवकिलांच्या कोटाचा विषय निघाला आणि मी पुन्हा हसायला लागले.

“तुले अजून माहीत नाही ना,” मोठीआई म्हणाली, “त्यायले काय वाटलं होतं ते?”

“काय?”

“तू वावराची वाटणी मागून राहिली, असं वाटलं. रोज सकाळी घोकत होती ना, लेकींना समान पाहिजे, समान पाहिजे. वावर कोणाच्या नावावर? यायच्या. मग केस कोणावर?”

माझा हात थांबला. “मोठेबाबांवर?”

“हलव, खाली लागन. रोज पोस्टमनची वाट कायले पाहत होते? समन्सची.”

“मग वकील? तो तर माझ्यासाठी आणला होता.”

“मी बी तेच म्हटलं. म्हटलं, आपल्यावर केस, आणि वकील पोरीले? आपल्याले नाही पाहिजे का एक? तर म्हणे, आपल्याले कायले पाहिजे? पोरगी मागून राहिली, तर देऊन टाकू. पण कोर्टात तिचं तोंड उघडत नाही म्हणते. एकटी कशी उभी राहीन?”

चीक घट्ट झाला होता. मोठीआईने माझ्या हातातून सराटा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा होती. मी लॅपटॉप ओट्यालगतच्या खिडकीत मांडला. तिसऱ्या चौकोनात एक मुलगी होती, कुठल्याशा गावातली, मागे मातीची भिंत, मांडीवर हात घट्ट धरलेले. मी प्रश्न विचारला. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तिचं नाव घेतलं. परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं.

खिडकीबाहेर खुर्ची करकरली. “हजर नाही का कोणी?” मोठेबाबांनी विचारलं.

“हजर आहे, मोठेबाबा.”

“मग पुकार ना अजून.”

मी लॅपटॉपजवळ सरकले आणि तिचं नाव चौथ्यांदा पुकारलं.